दुमडीतली आई

तिला सगळे जोडबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि ती ओ देते. चपलांचं दुकान आणि चष्म्याचं दुकान यांच्या बेचक्यात तिचा फोटोचा गाळा आहे. पुढे काउंटर, मागे दोन स्क्रीनचं टेबल, आणि रोज संध्याकाळी जिला शिव्या घालत ती उठते ती खुर्ची. पासपोर्टचे फोटो तिथेही निघतात. ते कुठे निघत नाहीत? पण तिचं नाव झालं ते वेगळ्याच कामावर. फोटो उभा आणि चौकट आडवी. काढणाऱ्याने आजोबांच्या डोक्यावर जागाच सोडलेली नाही. बाळ इतकं कडेला बसलंय की आता पडतंय की काय! अशा वेळी लोक म्हणतात, जा जोडबाईकडे. ती फोटोची मागची बाजू वाढवून देते. भिंत असेल तर भिंत, गवत असेल तर गवत, आभाळ असेल तर आभाळ. जोड कुठे आहे ते महिन्याभराने माझं मलाच सापडत नाही, असं ती येईल त्याला ऐकवते. भिडस्तपणा तिच्या वाट्याला आलेला नाही आणि तिची त्याबद्दल तक्रारही नाही.

ही अक्कल तिने घरात घेतली. तिची आई रफू करायची. कुणाचा कोट खिळ्याला लागून फाटला की आई आधी तो उलटा करायची. आतली दुमड उसवायची, तिथून त्याच कापडाचे धागे ओढून काढायची आणि त्या धाग्यांनी भोक विणून टाकायची. बाजारातला दोरा कितीही मिळताजुळता असो, तिने हात लावला नाही. "परका धागा आज शोभतो, दोन धुण्यांत बोंबलतो," हे तिचं ठरलेलं वाक्य. लेक पुढे स्क्रीनवर तेच करायला लागली. वाढवायची भिंत ती दुसऱ्या फोटोतून आणत नाही. त्याच फोटोतली उचलते, थोडी इकडची, थोडी तिकडची, उजेड जिथून येतोय तिथून हळूहळू मंद करत नेते, आणि वरून त्याच फोटोचा बारीक दाणा, म्हणजे जवळून दिसणारे ते कणकण ठिपके, पसरते. नाहीतर जुन्या फोटोला नवी कोरी कड लागली की ती लांबूनच ओळखू येते.

तर अशी ही मायलेकींची जोडी. पण आईच्या नशिबी एक डाग होता, आणि तो कुठल्याच रफूने जात नव्हता.

आई तरुणपणी गावातल्या नाट्यगृहात कपडे नीट करायची. ते नाट्यगृह नवं उघडलं त्या सकाळी मोठा पडदा कप्पीत अडकून टराटरा फाटला. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आई शिडीवर चढली आणि पाहुणे यायच्या आत तिने पडदा असा विणला की फाटला कुठे होता ते शपथेवर सांगता येऊ नये. मग रंगमंचावर खुर्च्या मांडून मोठ्या लोकांचा फोटो काढायचा ठरला, तेव्हा त्या वेळचे मालक म्हणाले, "अहो रफूवाल्या बाई, तुम्हीही या. तुमच्यामुळे तर आज अब्रू राहिली." आई जाऊन उभी राहिली. एवढीच गोष्ट. घरी येऊन तिने ती सगळ्यांना सांगितली, आणि तिथेच चुकली.

कारण तिची धाकटी बहीण, म्हणजे जोडबाईची मावशी, दुसऱ्याच आठवड्यात नाट्यगृहात जाऊन फोटो बघून आली. मावशीचा स्वभावच तसा. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून. फोटो दाराजवळ काचेत लावला होता. त्यात पाच पुरुष, पाच खुर्च्या, मागे पडदा. आई नव्हती. झालं! मावशी म्हणजे गावभर फिरणारी दवंडी. सगळ्या नात्यागोत्यात बातमी गेली, की ताई फोटोत नाहीच मुळी, उगाच बढाया मारते. तेव्हापासून घरात कुणीही थोडी फुशारकी मारली की दुसरा म्हणायचा, "हो हो, ताई फोटोत होती तसंच ना?" लग्नकार्यात म्हणायचे, बारशात म्हणायचे. मुलांना मूळ गोष्ट माहीत नव्हती तरी वाक्य पाठ होतं. आई आधी भांडली, मग हसण्यावारी न्यायला लागली, मग गप्पच बसली. शिवणावरची मान वर न करता गप्प. जोडबाईला लहानपणापासून त्या गप्प बसण्याचा राग येई, पण काय खरं हे तिलाही कळत नसे.

आणि मग नाट्यगृहाचा मॅनेजर एक दिवस तिच्या काउंटरवर येऊन टेकला. नाट्यगृह डागडुजी करून पुन्हा उघडणार होतं. दाराशी आत शिरताच जी लांबलचक भिंत लागते, तिच्यावर तोच जुना फोटो या टोकापासून त्या टोकापर्यंत लावायचा होता.

"फोटो चौकोनी, भिंत अशी आडवी," मॅनेजर हात पसरून म्हणाला. "आमच्या एकाने ताणून बघितला. सगळ्यांचे भोपळे झाले हो."

"ताणायला फोटो म्हणजे काय इलॅस्टिक आहे? द्या इकडे," जोडबाई म्हणाली. मोबाईलवर काढलेली प्रत तिने स्क्रीनवर घेतली आणि खुर्च्या मोजल्या. पाच. हाच तो. घरातल्या त्या कुजकट वाक्याचं मूळ तिच्यासमोर येऊन बसलं होतं.

मॅनेजर बसलेलाच होता, म्हणून त्याला अंदाज यावा एवढ्यासाठी तिने आधी डावीकडे कोरी जागा वाढवली आणि सॉफ्टवेअरचं ते आपोआप भरायचं बटण दाबलं. तिला त्या बटणाचा भरवसा नाही, पण ते कुठल्या दिशेने खोटं बोलतं हे बघायला ती ते दाबते. यंत्राने क्षणभर विचार केला आणि पडद्याच्या पुढ्यात एक गृहस्थ उभा केला. अंगात कोट, ओठांवर झुपकेदार मिशा, छाती बाहेर. एक हात खुर्चीच्या पाठीवर.

"वा!" मॅनेजर खूश झाला. "ठेवा ठेवा, यांना राहू द्या. अगदी देणगीदार वाटतात."

"अहो, हा माणूस जन्मालाच आलेला नाही!"

"कोणाला कळतंय? भारदस्त दिसतात की!"

यंत्राला हा मिशीवाला सुचला कुठून, हे बघायला तिने त्याला पुसून टाकलं आणि मूळ फोटोची डावी कड मोठी करून पाहिली. पहिल्या खुर्चीच्या पाठीवर खरोखरच एक हात होता. फोटोच्या कडेने मनगटाशी कापलेला. इतकी वर्षं सगळ्यांना तो बसलेल्या माणसाचाच हात वाटला असणार. पण त्या माणसाचे दोन्ही हात तर मांडीवर होते. तिने आणखी मोठं केलं. मनगटाला काहीतरी गोल, फुगीर बांधलेलं होतं आणि त्यावर पांढरे बारीक ठिपके चमकत होते.

टाचण्यांची गादी. आई आजही काम करताना मनगटाला बांधते तीच.

जोडबाईने मॅनेजरला कसंबसं वाटेला लावलं, शटर अर्ध्यावर ओढलं आणि घरी धावत जाऊन आईला घेऊन आली. आईने चष्मा पुसला, स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाली, "माझा हात आहे. मग? त्यात एवढं धावत यायला काय झालं?"

"आई, तू होतीस!"

"होतेच. मी नव्हते असं मी कधी म्हटलं?"

जोडबाईला तिथे काउंटरमागेच रडू फुटलं. आईने तिला एक चापट मारली आणि पाणी प्यायला लावलं.

पण नुसत्या हाताने काय होणार? मावशीचं तोंड मनगटाएवढ्या पुराव्याने बंद होणारं नव्हतं. ती म्हणाली असती, टाचण्या काय जगात एकट्या तुझ्याच आहेत का. जोडबाईचं डोकं भराभर चालायला लागलं. आईचा त्या वयातला एक फोटो घरात होता. तो चेहरा घ्यायचा, उजेड जुळवायचा, त्या हाताला जोडायचा. तिला ते अर्ध्या दिवसाचं काम. कुणाच्या बापाला कळलं नसतं. तिने तसं बोलून दाखवलं मात्र, आई उसळलीच.

"परका धागा?" ती म्हणाली. "माझ्या अंगाला? मी तिथे उभी होते ते तुला खोटं करून खरं करायचंय? मग त्या मिशीवाल्यात आणि माझ्यात फरक काय राहिला गं?"

"अगं, पण दुसरा उपाय काय? फोटो तिथेच संपतो."

"संपतो म्हणे! कापड कमी पडलं की तू आधी काय करतेस? बाजारात पळतेस? आधी दुमड उसवून बघ. शिंप्याने आत काय दडवलंय ते शिंप्यालाच ठाऊक."

आई आपल्या रागात बोलून गेली आणि पाणी प्यायला लागली. जोडबाई मात्र खुर्चीवरच खिळली. फोटोला दुमड असते! काचेत घालताना फोटोवर पुठ्ठ्याची चौकट बसवतात, आणि त्या चौकटीखाली चारी बाजूंनी फोटोचा थोडाथोडा भाग झाकला जातो. मॅनेजरने मोबाईलवर काढलेली प्रत होती ती काचेतून दिसणाऱ्या भागाची. आत काय आहे हे कुणी पाहिलंच नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! धंद्यात केस पिकले आणि या साध्या गोष्टीची आठवण आईला करून द्यावी लागली, म्हणून तिने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

सकाळी दोघी नाट्यगृहात हजर. रंगकाम चाललेलं, सगळीकडे धूळ, आणि तो फोटो सामानाच्या खोलीत जुन्या पोत्यात गुंडाळून ठेवलेला. मॅनेजर चौकट उघडू देईना.

"काच फुटली तर माझ्या गळ्याशी येईल, बाई."

"फुटली तर रफू करून देईन," आई म्हणाली आणि तिने पिशवीतून आपलं उसवायचं बारीक पातं काढलं. मॅनेजरला हसावं की घाबरावं कळेना, तेवढ्यात तिने फळीवर जागा करून घेतलीसुद्धा.

जोडबाईने मागचे खिळे काढले. काच सुखरूप निघाली. पण पुठ्ठा डावीकडे फोटोला चिकटून बसला होता. ओढला असता तर फोटोचा पापुद्रा त्याच्याबरोबर आला असता आणि पापुद्र्याबरोबर जे काही असेल ते. तिने हात मागे घेतला. आईने तिला बाजूला सारलं. म्हातारीची बोटं एरवी चहाचा कप धरतानाही हलतात, पण पातं हातात आलं की काय होतं देव जाणे, ती स्थिर होतात. तिने पात्याचं टोक पुठ्ठ्याखाली घातलं, टाका उसवताना सरकवते तसं सरकवत नेलं, मध्ये थांबली, फुंकर घातली, पुन्हा सरकवलं. तेवढ्यात रंगाऱ्यांनी हाक मारली आणि मॅनेजर बाहेर पळाला. पुठ्ठा सुटला.

खाली दोन बोटं रुंदीची पट्टी होती. तिला ऊनच लागलं नव्हतं, म्हणून बाकीच्या फोटोपेक्षा गडद, टवटवीत. आणि त्या पट्टीत एक तरुण बाई उभी होती. अंगात एप्रन, एक हात खुर्चीवर, दुसऱ्या हातात सुई, आणि दातांत दोरा! नेमका दोरा तोडताना फोटो निघालेला. चेहरा वाकडा, ओठ फाकलेले, डोळा अर्धा मिटलेला.

"अगं बाई!" आई ओरडली. "मेली दोरा चावतेय! म्हणून झाकली होय मला!"

आणि ती हसायला लागली. इतकी हसली की तिला पोत्यावर बसावं लागलं. फोटो बसवणाऱ्याला पाच मोठ्या माणसांशेजारी दोरा चावणारी बाई शोभेना, त्याने पुठ्ठा जरा आत ओढला, आणि त्या जराशा ओढण्यापायी एका बाईला आयुष्यभर खोटारडी म्हणवून घ्यावं लागलं. जोडबाईला त्या माणसाचा असा संताप आला की तो समोर असता तर तिने त्यालाच चौकटीत घालून खिळे ठोकले असते. पण आई हसत होती. मग तीही हसायला लागली.

मूळ फोटो गाळ्यात आणला आणि खरं काम सुरू झालं. पट्टीत आईचा चेहरा पुरा होता, पण कानामागे फोटो खरोखरच संपत होता. खांदा अर्धा, पाठ नाही. जोडबाईने आईला गाळ्यातल्या खिडकीशी उभं केलं, जुना एप्रन घातला, हात खुर्चीवर ठेवायला लावला, आणि कापड खांद्यावरून पाठीकडे कसं उतरतं ते नीट बघून घेतलं. घेतलं मात्र सगळं त्या पट्टीतलंच कापड. "बंदाची गाठ डावीकडे," आईने बजावलं. "मी डावखुरी नसले तरी गाठ डावीकडेच मारायचे. विचार नको, कर."

मग पडदा. पडदा वाढवणं म्हणजे पोरखेळ नव्हे. घड्या लांबून सगळ्या सारख्या दिसतात, पण एकीसारखी दुसरी नसते. एक घडी उचलून शेजारी ठेवली की डोळ्याला लगेच टोचते. जोडबाईने एका घडीची कड घेतली, दुसरीची सावली, तिसरीचा तळ. उजेड मधल्या खुर्चीवर होता म्हणून कडेला जाता जाता पडदा काळोखत नेला. खाली फळ्यांच्या रेघा मूळ रेघांच्याच रोखाने लांब केल्या. आणि ती टवटवीत पट्टी बाकीच्या फोटोच्या रंगाला आणून बसवली. आई रोज दुपारी येऊन मागे स्टुलावर बसायची. स्क्रीनमधलं तिला ओ की ठो कळत नसे, पण कापडाबद्दल तिला कोण शिकवणार?

"ही घडी मघाशी तिकडे होती."

"नाही गं, वेगळी आहे."

"उलटी करून घातलीस, म्हणून वेगळी होते का? मला फसवतेस?"

जोडबाई ती घडी पुसायची आणि नवी घालायची. बोलणी खात होती, पण मनातून तिच्या आनंदाला पारावार नव्हता. असं गिऱ्हाईक तिला जन्मात मिळालं नव्हतं.

मॅनेजरला तिने छापलेला लांब नमुना काउंटरवर उलगडून दाखवला. मान तिरकी करकरून त्याने तो या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. नाक लावून पाहिला. मग विजयी मुद्रेने आईवर बोट ठेवलं.

"सापडलं! पडदा तर सगळा मूळचाच आहे. ही बाई तेवढी तुम्ही मागाहून घातलीत. कळतं हो लगेच. मिशीवाले कसे अगदी खरे वाटत होते!"

जोडबाईने मूळ फोटो काढून त्याच्यापुढे ठेवला. पट्टीसकट. मॅनेजरने फोटो पाहिला, नमुना पाहिला, पुन्हा फोटो पाहिला. अर्ध्याहून जास्त पडदा खोटा होता आणि त्याने तो खरा म्हणून पास केला होता. खरी होती ती एकटी बाई, आणि तिलाच त्याने चोर ठरवलं होतं. त्याचा चेहरा असा झाला की जोडबाईला त्याची दयाच आली.

"निदान तो दोरा तरी काढता येईल?" त्याने चाचरत विचारलं. "तोंड मिटवता येईल?"

"त्या दोऱ्यानेच मागचा पडदा शिवलाय," जोडबाई म्हणाली. "तो काढला तर पडदाही काढावा लागेल. बघा, कसं करू?"

मॅनेजरने भिंतीचं माप लिहून दिलं.

नाट्यगृह उघडलं त्या संध्याकाळी दारात ही गर्दी. जोडबाईने मावशीला मुद्दाम बोलावलं होतं. कशाला ते सांगितलं नव्हतं. मावशी नटूनथटून आली, आत शिरली आणि भिंत बघून थबकली. पाच पुरुष, पाच खुर्च्या, मैलभर पडदा, आणि डावीकडे पुरुषभर उंचीची एक बाई दोरा तोडतेय. मावशीने चष्मा लावला. काढला. पुन्हा लावला.

"ताई, हे दात तुझे गं," ती पुटपुटली.

"माझेच. तेव्हा सगळे होते."

मावशी भिंतीजवळ गेली आणि बोट फिरवायला लागली. तिला काय शोधायचं होतं ते जोडबाईने ओळखलं. आईनेही ओळखलं.

"शोध शोध," आई म्हणाली. "जोड कुठे आहे दाखव. दाखवलास तर म्हणेन मी खोटी."

मावशीने खांद्यापाशी बोट थांबवलं. तिथे जोड दिसला नाही. पडद्यावर थांबवलं, तिथेही दिसला नाही. मग जोडबाईने पिशवीतून मूळ फोटो काढून दुमड दाखवली. मावशीने ती पट्टी डोळ्यांजवळ धरली. तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "ताई, मी सगळ्यांना सांगत सुटले गं."

"सांगितलंस ना? मग आता हेही तूच सांग," आई म्हणाली. "आत्ता. माझ्यासमोर. लाव फोन."

मावशीने डोळे पुसले आणि फोन काढला. पहिला थोरल्या मामाला लावला. हॉलमधल्या गलक्यात तिकडे नीट ऐकू जाईना, म्हणून तिला ओरडून बोलावं लागलं. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. आई तिच्या पाठीशी हाताची घडी घालून उभी होती आणि मुद्दे सांगत होती.

"डावीकडून पहिली म्हणावं."

"डावीकडून पहिली!" मावशी ओरडली.

"दोरा चावतेय, तेही सांग."

"दोरा चावतेय हो! होती! ताई फोटोत होती!"

"हं," आई म्हणाली. "आता पुढचा नंबर लाव."